हिरामणदादांचा वारा

दिनांक १२ डिसेंबर १९४९. रुपये एकोणीस, आणे सहा. एवढ्या पैशांत हिरामणदादांनी लोकूमलशेठच्या भंगारातून वाकड्या पात्यांचा एक लष्करी पंखा, मोडक्या सायकलींची दोन चाके, त्यांच्या साखळ्या आणि थोडा पत्रा विकत घेतला. पावती मी फाडली होती, म्हणून तारीख खात्रीने सांगता येते.

त्या वर्षी आमच्या शेजारच्या छावणीला उल्हासनगर हे नाव नुकतेच मिळाले होते. पण टांगेवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे तिला कॅम्पच म्हणत. युद्धाच्या काळात सैन्यासाठी बांधलेल्या लांबच लांब बराकी, त्यांत गोणपाटाचे पडदे लावून पाडलेल्या खोल्या, आणि प्रत्येक खोलीत सिंधमधून आलेले एकेक कुटुंब. बराकींच्या समोर दोरीच्या खाटांवर पापड वाळत घातलेले असत. संध्याकाळी तिथून चालत जाताना मिरी आणि हिंगाचा वास नाकात शिरे, तो घरी बदलापूरला पोचेपर्यंत सदऱ्याला राही. सैन्य गेले, पण त्याचे लोखंड मागे राहिले होते. लोकूमलशेठ शिकारपूरचे. तिकडे त्यांचे सायकलचे दुकान होते. इकडे येऊन त्यांनी लिलावात ते लोखंड घेतले आणि तीन नंबरच्या कॅम्पात भंगाराची वखार थाटली. मी दिवसा कॉमर्स कॉलेजला जात असे आणि संध्याकाळी त्यांचे हिशेब लिहीत असे. शेठ मला मुन्शी म्हणत.

हिरामणदादा बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातले, आमच्या घरापासून चार घरे पलीकडचे. जातीने आणि धंद्याने सुतार. तेव्हा तिशी ओलांडलेली असावी. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, आणि कानावर नेहमी पेन्सिल. त्या दिवशी ते तासभर ढिगाऱ्यात बसून पंख्याची पाती बोटाने फिरवून पाहत होते. शेठ कंटाळले.

"अरे भाऊ, लेना है तो ले. पंखा है, दुल्हन नहीं है. काय बनवणार त्याचं?"

"वारा बनवायचाय," दादा म्हणाले.

शेठ पोट धरून हसले. "मुन्शी, सुना? वारा! साईं, वारा तो मुफ्त मिलता है."

"बदलापुरात नाही मिळत, शेठ. भात झोडून झालं, खळ्यावर रास पडली, की नेमका पळून जातो."

ते खरेच होते. झोडलेल्या भातातून भुसा आणि पोचट दाणे वेगळे करण्यासाठी बाया उंच तिवईवर उभ्या राहून सुपातून भात खाली सोडतात. वाऱ्याने भुसा बाजूला उडतो आणि भरला दाणा पायाशी पडतो. आमच्याकडे याला वारवणे म्हणतात. पण दिवाळीनंतर आमच्या भागात डोंगराच्या आडोशाने वारा मरतो. बाया सूप डोक्यावर धरून उभ्या, पुरुष तोंड वर करून झाडांच्या शेंड्यांकडे बघतात, आणि पानही हलत नाही. लहानपणी मी अशा कितीतरी दुपारी पाहिल्या आहेत.

शेठनी बावीस सांगितले होते. दादांनी अठरा म्हटले. शेवटी एकोणीस आणि वर सहा आणे. "सहा आणे कशाचे?" असे दादांनी विचारले, तर शेठ म्हणाले, "हँसने का. इतना हँसा नहीं था सिंध छोड़ने के बाद."

दादांच्या वडिलांनी गावाचे नांगर, कुळव, गाड्या केल्या. त्यांची पडवी म्हणजे गावाची बैठक होती. लोक लाकूड घेऊन येत, बसत, बोलत, आणि काम होईपर्यंत चिलीम फिरे. वडील गेले, लोखंडी नांगर आले, आणि पडवीतले काम आटत गेले. दादा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटरच्या हाताखाली लागले. पगार वेळेवर होता, त्रास काही नव्हता. पण गळ्यात पितळी बिल्ला होता आणि फोरमन त्यावरचा आकडा वाचून हाक मारी. एकदा मला म्हणाले होते, "भाऊ, बापाला लोक नावानं शोधत यायचे. मला शोधत कुणी येत नाही. माझ्या बिल्ल्याला शोधत येतात." दादांना पुन्हा स्वतःच्या नावाचे काम हवे होते. भंगारातला पंखा त्यासाठी होता.

पहिला पंखा १९५०च्या हंगामात तयार झाला. सागवानी पेटी, तिच्या पोटात लष्करी पाती, बाहेर सायकलची साखळी आणि फिरवायला मूठ. वरून भात सोडायचे, समोरच्या तोंडातून वारा येणार. पाड्यातली बरीच माणसे बघायला जमली. जांभूळ गावचा बुधाजी, दादांच्या वडिलांपासूनचे गिऱ्हाईक, मोठ्या हौसेने पुढे झाला आणि त्याने मूठ हातात घेतली. बुधाजीचे दंड म्हणजे बैलाची मान. त्याने चार फेऱ्या मारल्या आणि भुशाबरोबर निम्मे भात उडून गोठ्यात पडले. कोंबड्या धावल्या.

"हिरामण," बुधाजी घाम पुसत म्हणाला, "तुझा पंखा भात वारवतोय का कोंबड्या पाळतोय?"

लोक हसत हसत घरी गेले. दादांच्या बायकोने, तुळशीवहिनींनी, गोठ्यातले भात सुपाने गोळा केले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः मूठ फिरवली, तर वारा इतका मंद की भुसा जागचा हलेना. फिरवणारा हात बदलला की वारा बदले. हीच अडचण होती. पुढचा सगळा पावसाळा दादा तिच्यामागे होते. लहान चक्र लावले, मोठे लावले. मंदिरातल्यासारखी घंटा बांधली आणि तिच्या तालावर फिरवा म्हणून सांगितले. घंटेच्या आवाजाने बैल उधळले, तेव्हा ती काढली.

यावर तोड निघाली ती वहिनींच्या बोलण्यातून. त्या दिवशी मीही तिथे बसलो होतो. दादा पेटीत डोके घालून बसलेले, वहिनी मूठ फिरवून दमलेल्या.

"ह्याला पदर लावा," वहिनी म्हणाल्या.

"काय लावू?"

"पदर. वारं जास्त झालं की पदर आपल्या आपण उडतो. त्याला कुणी सांगायला जातं का?"

दादांनी डोके बाहेर काढले. ते वहिनींच्या खांद्यावरच्या पदराकडे बघू लागले. वहिनी लाजून म्हणाल्या, "अगं बाई, मी आपलं बोलले."

दादांनी पेटीच्या वरच्या बाजूला एक चौकोनी खिडकी कापली आणि तिच्यावर पत्र्याचे हलके झाकण चामड्याच्या पट्टीने सैल टांगले. मूठ जोरात फिरली की झाकण उचलले जाई आणि जास्तीचा वारा वरून निघून जाई. समोरच्या तोंडातून येणारा वारा तेवढाच राही. कमी जोराने फिरवले तर झाकण मिटून राही आणि सगळा वारा तोंडाकडे जाई. पुढच्या हंगामात वहिनींनी फिरवला, दादांनी फिरवला, मीही फिरवला. भुसा एकीकडे, पोचट दाणे मध्ये, भरला दाणा पायाशी. झाकण सारखे उचलत-मिटत टप् टप् वाजे. तो आवाज मला अजून आवडतो; तसा दुसरा कशाचा आवाज पुढे माझ्या ऐकण्यात आला नाही.

पाडा मात्र लांबूनच बघत होता. कोंबड्यांची गोष्ट कुणी विसरले नव्हते, आणि आमच्याकडे नवे अवजार दोन हंगाम दुसऱ्याच्या खळ्यावर पाहिल्याशिवाय कुणी आपल्या खळ्यावर आणत नाही.

लोकूमलशेठ तसे नव्हते. १९५२च्या दिवाळीनंतर ते बैलगाड्यांच्या चाकांवरच्या जुन्या लोखंडी धावा घ्यायला हेंद्रेपाड्यात आले, आणि दादांच्या खळ्याजवळ थबकले. स्वतः मूठ धरली. शेठ अंगाने भरभक्कम. त्यांनी मुद्दाम सगळा जोर लावून फिरवली. दाणा उडाला नाही. मंद फिरवली. भुसा राहिला नाही. मग त्यांनी मला बाजूला घेतले.

"मुन्शी, ये चीज़ किसीको बनाके दी है इसने?"

"नाही, शेठ. एकच आहे."

"शुक्र है. आता नीट ऐक. कॅम्प में मैं सुबह एक चीज़ बनाऊँगा, तर शाम तक बीस बराकींत तीच चीज बनेल. हमारे लोग भूखे हैं और हाथ तेज़ हैं. म्हणून पेटंट पाहिजे. पेटंट घे, शेड मी देतो, माल मी देतो. चार आणे भागी हिरामणभाऊची. बोर्ड पर नाम भी उसका."

दादांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी बाकीचे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "बोर्डावर नाव कुणाचं म्हणाले?"

अंबरनाथ पूर्वेला चिंचेच्या झाडाखाली एक रिकामी शेड होती. शेठनी ती हेरून ठेवली. पुढचे कितीतरी महिने दादा पाळी सुटली की कारखान्यातून थेट घरी न येता त्या शेडवरून येत. आत जाता येत नव्हते. बाहेरूनच खिडकीतून बघत. करवतीची जागा कुठे, भाता कुठे, लाकूड कुठे रचायचे, हे त्यांनी ठरवून ठेवले होते. वहिनींना एकदा बरोबर नेऊन दाखवले. वहिनी परत येऊन म्हणाल्या, "चिंच चांगली आहे. आंबट नाही फार."

शेठना पैसा जमवायला पावसाळा उजाडला. सप्टेंबर १९५३मध्ये आम्ही तिघे मुंबईला फोर्टात गेलो. पेटंटचे काम करणारे श्यामकांत प्रधान मूळचे ठाण्याचेच निघाले. मऊ बोलणारे, नीटनेटके गृहस्थ. दादांनी जुन्या कॅलेंडरच्या मागे काढलेले चित्र त्यांनी चष्मा वर-खाली करून पाहिले.

"पंखा जुना आहे," ते म्हणाले. "विलायतेत दोनशे वर्षांपूर्वी होता. साखळी जुनी. पण हे झाकण मी याआधी कुठे पाहिलेलं नाही. सुरेख आहे. अर्ज या झाकणाचाच करू. आता सांगा, याचे खरे आणि पहिले शोधक तुम्हीच ना?"

दादांनी कानावरची पेन्सिल काढून बोटांत फिरवली.

"म्हणजे हे तुमच्याच डोक्यातून निघालं ना?"

"निम्मं," दादा म्हणाले. "कापलं मी. पण पदर म्हणाली ती ह्याची वहिनी. म्हणजे ह्या भाऊची. माझी बायको."

शेठनी कपाळाला हात लावला. प्रधान मात्र हसले नाहीत. "मग दोघांची नावं घालू. कायद्यात तशी सोय आहे. त्यांना सही येते?"

"अंगठा येतो."

हे घरी सांगितल्यावर वहिनींचे हसू थांबेना. "माझा अंगठा? मी अजून ठाणे नाही बघितलं, आणि माझा अंगठा कलकत्त्याला जाणार?" तेव्हा पेटंटची कचेरी कलकत्त्याला होती.

निघताना प्रधानांनी दादांना समोर बसवून नीट सांगितले. "पेटंट म्हणजे काय, तर नवी युक्ती सरकारला उघड करून सांगायची, आणि त्याबदल्यात सरकारने ती सोळा वर्षं फक्त तुमची ठेवायची. पण ती नवी पाहिजे. नकाशे काढायला, अर्ज लिहायला डिसेंबर उजाडेल. तोवर हा पंखा कुणाला विकायचा नाही, करून द्यायचा नाही. तुमच्या घरात, तुमच्या खळ्यावर तुम्ही तपासून पाहिलात, ते मी सांभाळून घेईन. गावात गेला की संपलं."

जिना उतरताना दादा म्हणाले, "सोळा वर्षं फक्त माझा. आणि बाकीच्यांनी?"

"विकत घ्यायचा, दादा."

ते आणखी एक जिना उतरले. "बरोबर आहे," म्हणाले. "कारखान्यातही तसंच असतं."

घरी येऊन त्यांनी पंख्यावर गोणपाट टाकले आणि सुतळीने बांधले.

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. सुतार बलुतेदार. गावाने त्याला हंगामात भात द्यायचे, आणि त्याने वर्षभर गावाची अवजारे करायची, दुरुस्त करायची. कामागणिक पैसे नाहीत, मागणी तोंडाने करायचीही नाही. ज्याला काम हवे तो लाकूड आणून सुताराच्या पडवीच्या भिंतीला टेकवून ठेवतो आणि निघून जातो. टेकवलेले लाकूड सुताराने परत पाठवायचे नसते. पाठवले तर ते घर त्याने सोडले, असा त्याचा अर्थ. दादांनी कारखाना धरला, तरी रीत सुटली नव्हती. रविवारी ते गाड्यांचे जू, कुऱ्हाडींचे दांडे करून देत.

त्या वर्षी लांबून बघण्याचे दोन हंगाम पुरे झाले होते. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीला एक सागाचे लाकूड टेकलेले दिसले. संध्याकाळी दुसरे. आठवडाभरात सहा झाली. कुणाला काय हवे, हे विचारायची गरज नव्हती. पंख्याच्या पेटीला लागते तेवढ्याच लांबीचे प्रत्येक लाकूड होते.

दादांनी लोकांना सांगून पाहिले. पौषात या, म्हणाले. लोकांनी मान डोलावली. लाकूड कुणी उचलले नाही. बुधाजी तर रोज येई, आपल्या लाकडाजवळ उकिडवा बसे आणि बिडी ओढी.

"बुधाजी, सांगितलं ना पौषात?"

"मी काय बोललो का?"

"मग बसलास कशाला?"

"बिडी ओढतोय. आता बिडी पण कलकत्त्याला इचारून ओढायची?"

शेठना कळले, तसे ते धावत आले. "मैं ये सब लकड़ी खरीदता हूँ. आत्ताच गाडी मागवतो."

"उचलायचं नसतं, शेठ."

"अरे, एक महिना! एक महिना रुक, साईं. फिर सबको बनाके दे, दाम लेके दे."

"मी थांबलोय की," दादा म्हणाले. आणि ते खरेच थांबले होते. कारखान्यातून आले की लाकडांकडे पाठ करून बसत. वहिनींचे मत स्पष्ट होते. "झाकून ठेवा. इतकी वर्षं वाऱ्याची वाट बघितली लोकांनी, एक हंगाम आणखी बघतील. शेडचं काय होईल मग?" दादांना जेवढी ती शेड हवी होती, तेवढी वहिनींनाही हवी होती, हे तेव्हा मला कळले.

नोव्हेंबरच्या मध्याला आभाळ भरून आले. अवकाळीची चिन्हे. पाड्यातली सगळी खळी भरलेली होती, आणि वारा ठार पडलेला. शेजारच्या गोजरबाई एकट्याच होत्या. नवरा नव्हता, मुलगा कामाला भिवंडीला. त्या तिवईवर चढून सूप डोक्यावर धरून उभ्या होत्या. भात सरळ खाली पडत होते, भुशासकट. दादांच्या अंगणातून त्या दिसत होत्या, आणि गोणपाटात बांधलेला पंखाही त्याच अंगणात होता.

दादा उठले आणि त्यांनी सुतळी कापली. पंखा उचलून गोजरबाईंच्या खळ्यावर नेऊन ठेवला. परत आले आणि भिंतीचे पहिले लाकूड ओढून कापायच्या लाकडी घोडीवर आडवे टाकले. मोठी करवत दोघांची असते. दादांनी एक टोक धरले आणि कुणाला हाक मारली नाही. वहिनी चुलीपाशी होत्या. त्यांनी तवा उतरवला, हात पदराला पुसले, आणि येऊन दुसरे टोक धरले.

"शेड गेली बरं का," दादा म्हणाले.

"माहीत आहे. सरळ धरा," वहिनी म्हणाल्या.

कारखान्यातून त्यांनी रजा घेतली. शेठच्या भंगारातून पंखे आणले, ते शेठनीच गाडीत घालून पाठवले. भाडेही घेतले नाही. "अब बनना ही है तो अच्छा बने," एवढेच म्हणाले. पाऊस आला, तेव्हा हेंद्रेपाड्यात आणि जांभूळला मिळून सात खळ्यांवर पत्र्याची झाकणे टप् टप् वाजत होती. पाड्यातले भात बहुतेक घरात गेले होते. गोजरबाईंचे तर सगळ्यात आधी. लोकांनी रिवाजाप्रमाणे पायली-पायली भात आणून दादांच्या पडवीत ओतले. दादांनी ते घेतले. बलुते नाकारणे म्हणजे घर नाकारणे.

डिसेंबरात आम्ही पुन्हा प्रधानांकडे गेलो. नकाशे अतिशय देखणे झाले होते. झाकणाची रेघ न् रेघ त्यांत होती, आणि खाली दोन नावे: हिरामण आणि तुळशी. दादांनी त्या कागदावरून बोट फिरवले. मग पंख्यांची हकिकत त्यांनी स्वतःच सांगितली.

प्रधानांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एक मार्ग आहे. तुम्ही हे पंखे तपासून पाहण्यासाठी दिलेत, असं लिहिता येईल. म्हणजे तुमचेच राहिले, लोकांनी फक्त चालवून पाहिले. त्याबद्दल काही घेतलं नाही ना?"

"भात घेतलं."

"सगळ्यांकडून?"

"बलुतं ते. घ्यावंच लागतं."

"परत करता येईल?"

दादांनी माझ्याकडे पाहिले. हे प्रधानांना कसे समजावून सांगायचे, ते मलाही कळेना. ठाण्याचे असूनही ते कधी कुणाच्या पडवीत लाकूड टेकवायला गेले नसणार. शेवटी शेठच बोलले. "नहीं होगा, साहब. सिंध में भी ऐसा ही था. वो वापस देगा तो गाँव उसको वापस दे देगा."

प्रधानांनी नकाशे गुंडाळून दादांच्या हातात दिले आणि फी घेतली नाही. दारापर्यंत आले. "पूर्वी असेच होत असतील शोध," ते म्हणाले. "चाक काय, नांगर काय. कुणाचं नाव आहे त्यांच्यावर?" दादांना यातून दिलासा मिळाला असे मला वाटत नाही. खाली आल्यावर ते रस्त्यातल्या गर्दीत तसेच उभे राहिले, आणि म्हणाले, "नाव तेवढं छान काढलं होतं हो तिचं."

शेड एका सोडावॉटरवाल्याने घेतली.

शेठ म्हणाले होते तसेच झाले. त्यांनी पेटंटशिवायच कॅम्पात भंगाराशेजारी शेड घालून पंखे काढायला सुरुवात केली, आणि होळीपर्यंत अकरा ठिकाणी तसेच पंखे होऊ लागले. कुणी लोखंडी पेटी केली, कुणी झाकणाला स्प्रिंग लावली. एका शिंप्याने झाकण कॅनव्हासचे केले आणि ते पत्र्यापेक्षा बरे चाले, असे दादा स्वतः म्हणाले. कर्जत, मुरबाड, शहापूरपर्यंत हे पंखे गेले. ते कुणी काढले, हे कुणी विचारले नाही. स्प्रिंगवाला म्हणे माझा, कॅनव्हासवाला म्हणे माझा, आणि आपापल्या परीने दोघांचेही खरे होते. बोर्ड प्रत्येकाचा वेगळा होता.

दादांचा बोर्ड झाला नाही. अंबरनाथला नवा मोठा सरकारी कारखाना उभा राहिला, तिथे ते हत्यारखात्यात लागले. एकदा त्यांनी मला शेजारचे नकाशांचे खाते बाहेरून दाखवले. पांढऱ्या डगल्यातली माणसे मोठमोठ्या टेबलांवर वाकून रेघा काढत होती. "तिथं एक जण सुरुवात करतो, दुसरा खोडतो, तिसरा मोजतो," दादा म्हणाले. "आम्ही करून बघतो, पाचवा तपासतो. मशीन फार चांगलं होतं, भाऊ. माझ्या पंख्यापेक्षा शंभरपट. पण झाल्यावर कुणाचं म्हणायचं, ते सापडत नाही. ड्रॉइंगला नंबर असतो." यात तक्रार नव्हती. ते तिथे रमले. त्यांनी केलेले मोजमाप फोरमन दुसऱ्यांदा तपासत नसे, याचा त्यांना अभिमान होता. आणि रविवारी पडवीत त्यांना लोक नावाने शोधत येत. पंख्याची पाती सरळ करायला, चामड्याची पट्टी बदलायला. त्या भिंतीला मी लाकूड टेकलेले शेवटचे पाहिले ते १९५८ साली.

माझी नोकरी आता पुढच्या मार्चअखेर संपते. आयुष्यभर मी कारखान्यांचे ताळेबंद केले. त्यांत पेटंटचा रकाना असे, त्यात आकडे भरले. मोठमोठ्या कंपन्यांची संशोधनखाती, त्यांचा खर्च, सगळे माझ्या हाताखालून गेले. त्या आकड्यांमागे कुठे तरी करवतीच्या दोन टोकांना दोन माणसे असतील, असे वाटे. पण ती कधी दिसली नाहीत. हेंद्रेपाड्यातल्या खळ्यांवर आता तीन मजली इमारती आहेत. दादा १९७४ साली गेले, वहिनी त्यानंतर चार वर्षांनी. ठाणे त्यांनी पाहिले होते. मुंबईही.

हिशेबाची एक बाब तेवढी राहते. पेटंट नसतानाही लोकूमलशेठनी आपल्या शेडमध्ये होणाऱ्या प्रत्येक पंख्यामागे हिरामणदादांना एक रुपया द्यायचे कबूल केले होते, आणि दोन वर्षे ते दर महिन्याला पाळले. कागद केलेला नव्हता. १९५६च्या उन्हाळ्यात धंदा बसला, शेड विकून शेठ मुलीकडे अजमेरला गेले, आणि पुढे तिकडेच वारले. शेवटच्या महिन्यात त्यांच्या शेडमध्ये अकरा पंखे झाले होते. त्यांचे अकरा रुपये हिरामणदादांना द्यायचे राहिले. ते दिले गेलेले नाहीत.